मिटलेला काप

१

सरस कापायचा तो सकाळीच. रात्रभर पत्र्याच्या ताटांत थिजलेला असतो, तेव्हा त्याला अंग असतं. बोट दाबलं की दबतो, बोट काढलं की वर येतो. ऊन चढलं की तोच ढिला पडतो, तारेला लोंबतो, वड्यांच्या कडा दातरतात, आणि मग दिवसभर नशिबाला बोल लावत बसायचं.

त्या घरात कापायचं काम सुनेचं. त्याआधी ते सासूचं होतं. सासू पडली, कंबरेचं हाड मोडलं, ती खाटेला खिळली, आणि तार सुनेच्या हातात आली.

ज्यांनी सरस करताना पाहिला नाही त्यांना एवढं सांगायला हवं, की हा धंदा नाक बंद ठेवून करायचा आहे. कातडी कमावणाऱ्या कारखान्यातून कडा, कान, शेपट्या असले टाकाऊ तुकडे पोत्यांतून येतात. मेलेल्या जनावराचं कातडं तसंच ठेवलं तर आधी लाकडासारखं ताठरतं, मग सैल पडतं, मग केस सुटतात, मग वास, मग पाणी. संपलं. सरसवाल्याचं काम काय, तर त्या सडण्याच्या आधी पोचायचं. तुकडे चुन्याच्या हौदात फुगू द्यायचे, धुवायचे, आणि मंद आचेवर शिजवत ठेवायचे. उकळी फुटता कामा नये. उकळला की त्याची पकड गेली. नीट शिजला तर जे कातडं होतं ते विरघळून जातं, आणि खाली उरतो मधासारखा रस. तो ताटात ओतला की थिजतो, वड्या कापून जाळीवर वाळवल्या की काचेसारख्या खणखणतात. सुतार, पुस्तकांचे जिल्दवाले, वाद्यं दुरुस्त करणारे, सगळे तो नेतात.

तर त्या सकाळी सुनेनं पहिलं ताट घेतलं, ताणलेली तार वरून खाली, आडवी, उभी ओढली, वड्या पाडल्या. इतक्यात घरातून हाक आली. नर्सबाई आल्या होत्या. सासूला कुशीवर धरायला माणूस लागे.

ती हात धुऊन गेली, आणि पुष्कळ वेळानं कपाळाला आठ्या घालून शेडमध्ये परत आली. ताट तिथंच होतं. पण त्यात वड्या नव्हत्या. एकसंध, गुळगुळीत, बशीतल्या दह्यासारखा सरस. काप नाही, काही नाही.

"अहो!" तिनं भट्टीकडे तोंड करून हाक मारली. "माझ्या ताटाला हात लावलात?"

नवरा जाळ सारत होता. "मी कशाला लावू?"

"मग ऊन दाखवलंत. वितळून परत थिजलाय."

"ऊन इथं यायला छप्पर फाडावं लागेल. कापलंच नसशील तू. हल्ली तुझं डोकं जागेवर असतं का?"

सुनेलाही तेच वाटलं. घरात आजारी माणूस असलं की हातून असं होतं. मीठ दोनदा पडतं, दार उघडं राहतं. तिनं तार उचलली आणि पुन्हा कापायला घेतलं. पण वैताग मात्र जाईना. तार तिनं स्वतः पुसली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. कापल्याशिवाय पुसायचं काय होतं?

२

खरा वैताग सरसाचा नव्हताच. खरा वैताग घरात, खाटेवर पडला होता.

सासूच्या कंबरेखाली, हाडावर, जखम झाली होती. पडून पडून. आधी नुसता लाल डाग, मग साल गेली, मग खळगा. नर्सबाई एक दिवसाआड यायच्या, धुवायच्या, मलम भरायच्या, पट्टी लावायच्या. आणि खळगा होता तसाच. नाही, तसाच नाही, जरा मोठाच.

"मांस मरतंय हो," नर्सबाई हळू आवाजात म्हणायच्या. "कडेचं मेलेलं निघालं पाहिजे, आतून नवं आलं पाहिजे. नवं यायला अंगात काही हवं ना? प्रोटीन नाही यांच्या अंगात. अंडी द्या, दूध द्या."

"देते ना! खातात कुठं? अंडं दिलं तर मांजराला टाकतात."

"मांजर बघा कसं झालंय," खाटेवरून सासू म्हणाली. "त्याला नाही जखम झाली."

कान तिखट होते म्हातारीचे. आणि जीभ त्याहून. या सुनेला सरस शिजवायला तिनंच शिकवलं होतं, तेही शिव्या घालत. पहिल्या वर्षी सुनेनं कढई उकळू दिली, तेव्हा सासूनं सगळा रस तिच्या देखत गटारात ओतला होता आणि संध्याकाळी स्वतःच्या ताटातलं तिला वाढलं होतं. असं प्रेम. दोघी भांडल्याशिवाय एक दिवस गेला नाही, आणि एकीवाचून दुसरीला जेवण गेलं नाही.

"पुढच्या आठवड्यात असंच असेल तर दवाखान्यात न्यावं लागेल," नर्सबाई दारात म्हणाल्या. "कापून साफ करावं लागेल. या वयात... बघा तुम्ही."

त्या गेल्यावर सासू भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला नाही जायचं कापून घ्यायला. आयुष्यभर मी कापलं, आता मला कापणार. हट्."

"मग भरून तरी आणा ना!" सून ओरडली. ओरडून झाल्यावर तिला लाज वाटली. जखम काय माणूस मुद्दाम उघडी ठेवतो?

३

दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट एकसंध.

आदल्या दिवशी दुसऱ्यांदा कापताना तिनं नवऱ्याला उभं करून त्याच्यासमोर कापलं होतं. वर प्रत्येक कापात झाडूची एक एक काडी रोवली होती. म्हटलं, आता बघू कोण म्हणतो कापलं नव्हतं.

सकाळी येऊन पाहते तो काड्या सगळ्या वर, सरसाच्या पाठीवर आडव्या पडलेल्या. कोणी वेचून ठेवल्यासारख्या. खाली काप नाहीत.

नवऱ्यानं वाकून पाहिलं. "शिजवताना कमीजास्त झालं असेल. पातळ राहिला, म्हणून वाहून एक झाला."

"पातळ? दाबून बघा." त्यानं दाबलं. सरस टणक होता. बोट काढलं तसा वर आला, जरा जास्तच लवकर. "आणि वाहून एक झाला तर काड्या आत राहायला हव्यात. वर कशा आल्या?"

"हलक्या असतात काड्या. तरंगल्या."

"थिजलेल्यात?"

"मग तूच सांग!" तो चिडला. "तुला सगळं येतं तर तूच सांग ना!"

तिच्याकडे एक उत्तर होतं, पण ते ती स्वतःलाही सांगायला तयार नव्हती. अंगात कुसळ गेलं, काढायला जमलं नाही, तर अंग ते आपलं आपण वर ढकलतं आणि खालची जागा बुजवून टाकतं. लहानपणी सगळ्यांनी हे पाहिलेलं असतं. पण ते अंग. जिवंत.

हे तर कुठल्या कुठल्या जनावरांचे कान आणि शेपट्या. चुन्यात पडून, धुऊन, दिवसभर शिजून, त्यांचं कातडेपणसुद्धा उरलेलं नाही. त्याला काय आठवणार आहे, मिटायचं कसं ते?

त्या रागात तिनं तार इतक्या जोरात ओढली की ती निसटली आणि तिच्या उजव्या तळव्यावर चरचरत गेली. रक्त आलं. तिनं न बघता बोट कढईतल्या गरम सरसात बुडवलं आणि चिऱ्यावर फासलं. सरसवाल्यांच्या घरात ही रीतच असते. तारेनं हात कापायचाच, आणि कापलं की गरम सरसाचं बोट लावायचं. वाळला की वर पापुद्रा धरतो, घाण आत जात नाही. सासूनं तिला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

मग तिनं वड्या पुन्हा कापल्या, आणि ताटात न ठेवता लगेच उचलून जाळीवर दूर दूर मांडल्या. एकमेकींना लागणार नाहीत अशा. तशा त्या मिटल्या नाहीत. मिटणार कोणाशी?

"झालं की नाही?" नवरा म्हणाला. "उगाच डोकं पिकवलंस."

४

जाळीवरच्या वड्या रोज उलटाव्या लागतात, नाहीतर जाळीला धरतात. सून दुपारी एकटी उलटत होती. शेडच्या दोन्ही बाजू उघड्या, वारा आरपार, भट्टी विझलेली. वड्या वाळत नव्हत्या, याचा तिला वेगळाच वैताग आला होता. एव्हाना कडा वळायला हव्या होत्या, आवाज यायला हवा होता. या मऊच. आणखी एक खूण म्हणजे वास नव्हता. सरस न वाळता राहिला की त्याला वास मारतो, वर बुरशी येते, पाणी सुटतं. मेलेल्याची जी वाट असते तिनं तो जातोच. या ना वाळत होत्या, ना कुजत होत्या. मधेच थांबल्या होत्या.

एका वडीवर राख उडून बसली होती. तिनं ती हातावर घेतली आणि फुंकर मारली.

राख उडाली. आणि वडीवर काटा आला.

बारीक बारीक ठिपके, रांगेनं, फुंकर जिथून गेली तिथून वर उठत गेले. जसे थंड पाण्याचा थेंब मानेवर पडला की दंडावर उठतात. सून बघत राहिली. ठिपके हळूहळू बसले. वडी पुन्हा गुळगुळीत झाली.

तिनं वडी खाली ठेवली. अगदी अलगद, निजलेल्या पोराला ठेवावं तशी. मग स्वतःवरच चिडली. बुडबुडे असतील आत. वाऱ्यानं वरचा पापुद्रा आखडला असेल. गरम दुधावरची साय नाही का सुरकुतत?

पण तिनं दुसऱ्यांदा फुंकर मारली नाही. बाकीच्या वड्या उलटल्याही नाहीत. शेडमधून बाहेर पडताना तिनं, का कोण जाणे, वाऱ्याच्या बाजूचा पडदा सोडला.

५

वाद्यवाले भाऊ आले ते भांडायलाच आले. तारांची वाद्यं दुरुस्त करणारं हे जुनं गिऱ्हाईक, सासूच्या वेळेपासूनचा. शांत माणूस. त्यांना मोठ्यानं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. मागच्याच आठवड्यात त्यांनी घाई करून याच कढईतला सरस डब्यातून ओलाच नेला होता.

"वहिनी, काय दिलंत तुम्ही मला?"

"का? धरत नाही?"

"धरतो! धरतोच! सोडत नाही!" त्यांचा डावा हात भिंतीवर आपटला. उजवा सदऱ्याच्या आत होता. "सरस कशासाठी वापरतो आम्ही? उद्या वाद्य आतून बिघडलं तर गरम पाण्याचा बोळा लावला, पातळ सुरी घातली की जोड सुटला पाहिजे. म्हणून. नाहीतर बाजारात शंभर गोंद पडलेत. काल मी वरची फळी उघडायला गेलो. गरम पाणी लावलं. मग आणखी गरम. मग सुरी लावायला जोड शोधतोय, तर जोडच नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही! दोन वेगळी लाकडं होती ती. एक फिकट, एक तांबूस. आता कुठं एक संपतं आणि कुठं दुसरं लागतं, तेच दिसत नाही." ते थांबले. "आणि कधी नव्हे ते, हात लावला की ऊबदार लागतं."

"उन्हात ठेवलं असेल," नवरा म्हणाला.

वाद्यवाल्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सुनेनं चहा पुढे केला. त्यांनी डाव्या हातानं घेतला. उजवा हात सदऱ्यातून बाहेर आला तेव्हा त्याला मनगटापर्यंत फडकं गुंडाळलेलं होतं, बोटं सगळी एकात बांधलेली.

"काय झालं हाताला?"

"भाजला."

"बघू. आमच्याकडे मलम आहे."

"नको म्हटलं ना!" ते एकदम उठले. चहा सांडला. दारात वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "उरलेला असेल तो ओतून टाका, वहिनी. आणि त्याला हात लावू नका."

"म्हणे ओतून टाका," ते गेल्यावर नवरा बडबडला. "पोतीच्या पोती शिजवली, लाकूड जाळलं. हात भाजून घेतो हा आणि ओतायचं आम्ही!"

६

त्याच दुपारी नर्सबाई पट्टी उघडून बसल्या त्या बसूनच राहिल्या. मग पट्टी बांधली, हात धुतले आणि सुनेला बाहेर बोलावलं.

"उद्याची गाडी सांगते. आता थांबता येणार नाही. हाड दिसायला लागलंय."

"कापल्यावर बऱ्या होतील?"

नर्सबाई चपला घालत राहिल्या. "न्यायला तर हवंच," म्हणाल्या.

सून आत आली. सासू जागी होती. सगळं ऐकलेलं होतं.

"सरस लाव."

"काय?"

"बहिरी झालीस? सरस लाव मला. हाताला लावतो, पाठीला लावला तर काय होईल? चिरा तो चिरा."

"तो चिरा नाही, खड्डा आहे, आई! भलतंसलतं काही बोलू नका."

"बरं. मग उद्या ने मला कापायला. आणि परत येताना तुझ्यासाठी मोकळी खाट घेऊन ये."

सून ताडकन उठून शेडमध्ये गेली. तिथं जाऊन भांडी आपटली. कोणावर चिडावं तेच कळेना. नर्स आपलं काम करत होती. नवरा कुठंतरी लाकडं आणायला गेला होता आणि यायचं नाव नव्हतं. आणि म्हातारी तिला धमक्या देत होती, मरायच्या.

कढईच्या तळाशी थोडा सरस उरला होता. जुना, चांगला सरस केव्हाच विकून झालेला. होता तो हाच, मिटणारा. तिनं वाद्यवाल्यांचं बोलणं आठवलं. मग उजवा तळवा उघडून पाहिला. त्या दिवशी तारेनं फाटलेली जागा शोधली. उजेडात नेऊन शोधली. जागा सापडेना. खपली नाही, वण नाही, पांढरी रेघसुद्धा नाही. तळव्यावरची आयुष्याची म्हणतात ती रेघ तिथून जायची, तीही त्या ठिकाणी पुसल्यासारखी झाली होती.

मरणारं मांस एकीकडे, आणि मिटायचं न थांबणारं दुसरीकडे. दोघांच्या मध्ये ती, हातात पळी घेऊन.

तिनं चूल पेटवली. उकळी फुटू दिली नाही.

पट्टी सोडून तिनं सरस त्या खळग्यात ओतला, कोमट, थोडा थोडा. सासू एकदाच म्हणाली, "गार लागलं होतं बघ इतके दिवस तिथं. आता बरं वाटलं."

७

सकाळी गाडी आली आणि रिकामी गेली. नर्सबाईंनी पट्टी उघडली, भिंग लावून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. खळगा अर्धा भरला होता. पुढच्या खेपेला नुसता गुलाबी डाग. त्याच्या पुढच्या खेपेला तोही नाही.

"बघा!" नर्सबाई म्हणाल्या. "सांगत होते ना, अंडी द्या!"

मांजर खिडकीत बसून आपले पाय चाटत होतं.

घरात बऱ्याच दिवसांनी हसणं ऐकू आलं. नवऱ्यानं गुळगुळीत दाढी केली. सासू तक्क्याला टेकून बसायला लागली आणि सुनेनं केलेल्या प्रत्येक गोष्टीत खोट काढायला लागली, म्हणजे बरी झाली. चेहऱ्यावर तकाकी आली. कपाळावरच्या आठ्या कमी झाल्या, मग गालांवरच्या सुरकुत्या.

"आई, तरुण दिसायला लागलीस," नवरा म्हणाला.

"मग तुझ्यासाठी दुसरा बाप बघ," म्हातारी म्हणाली.

सून हसली. पण पाय चोळताना तिचं हसू थांबलं. सासूच्या डाव्या पायाची शेवटची दोन बोटं एकाला एक लागलेली होती. तिनं आपलं बोट मधून घालायचा प्रयत्न केला. मध्ये नव्हतंच काही.

"हे कधीपासून?"

"काय?"

"बोटं ही. जोडलेली."

"जन्मापासून असतील. मी काय पायाची बोटं मोजत बसते?"

इतकी वर्षं सून हे पाय चोळत होती. तिला आठवायला हवं होतं. आठवत होतं, वेगळी होती. पण ताटही कापलं होतं असंच तिला आठवत होतं, आणि तेव्हा सगळे म्हणाले होते, तुझं डोकं जागेवर नाही.

मग कान. उशीवर दुमडला गेलेला कान सकाळी दुमडलेलाच राहिला, डोक्याला लागून, सपाट. मग एका सकाळी सासूनं हाक मारली, "अगं, अंधार का केलाय?" अंधार नव्हता. पापण्या मिटलेल्या होत्या. सुनेनं कोमट पाण्याचा बोळा धरला, धरून ठेवला, तेव्हा कुठं त्या सुटल्या. दुसऱ्या दिवशी जास्त वेळ लागला. पाणी जास्त गरम लागलं.

"चिपडं धरतात," नवरा म्हणाला. "वयामुळं."

"वयामुळं सुरकुत्या जातात?"

"तुला बरं झालेलं बघवत नाही का गं?" तो ओरडला. "जखम होती तर रडत होतीस. भरली तर रडतेस. तुला हवंय तरी काय?"

तिला हवं होतं की भरणं भरून झालं की थांबावं. एवढंच. हे वाक्य तिनं मनात तयार केलं, पण मोठ्यानं बोलली असती तर वेडी ठरली असती.

शेडमध्ये ती जाईनाशी झाली होती. जाळीवरच्या वड्या तिनं एका पोत्यात कोंबल्या होत्या, टाकून द्यायच्या म्हणून. पोतं कोपऱ्यात उभं होतं. नवरा उचलायला गेला आणि परत आला. "आत एकच मोठा गड्डा झालाय," म्हणाला. "पोतं सुटत नाही त्याच्यापासून." त्यानं हात पँटला पुसले, पुसतच राहिला. "ऊबदार आहे," असं मात्र तो म्हणाला नाही. तिनंही विचारलं नाही.

८

दुपार होती. जेवणं झाली होती. नवरा बाहेर ओसरीवर पेंगत होता. सासूनं हात पुढे केला.

"बस जरा. हात धर. उगाच भीती वाटते डोळे मिटायची."

म्हातारीनं कधी भीती वाटते म्हटलं नव्हतं. सून खाटेच्या कडेला, खुर्चीवर बसली आणि आपला उजवा तळवा सासूच्या डाव्या तळव्यात दिला. ऊबदार हात. तिला या हातानं कितीदा ढकललं होतं, कितीदा जेवू घातलं होतं. बाहेर कुठंतरी कोणीतरी खिळे ठोकत होतं, तालात. तिची मान कलंडली.

जाग आली तेव्हा ठोकणं थांबलं होतं. मानेत कळ भरली होती. हात काढून घ्यावा म्हणून तिनं ओढला.

हात आला नाही.

दुखलं नाही, हेच विचित्र. चिकटलेलं ओढलं की कातडीला ताण बसतो, आग होते. तसं काही नाही. नुसता आला नाही, जसा स्वतःच्या मनगटापासून स्वतःचा हात येत नाही. तिनं वाकून पाहिलं.

"अहो," तिनं हाक मारली. आवाज साधाच आला. "अहो, पाणी आणा. गरम."

नवरा डोळे चोळत आला. पाहिलं. जाऊन पातेलं आणलं. बोळे लावले, फडकं बुडवून गुंडाळलं, पाणी गार झालं तसं पुन्हा तापवून आणलं. त्याचं तोंड चालू होतं. "सांगितलं होतं ना त्या वाद्यवाल्यानं, हात लावू नका म्हणून, तुला कुणाचं ऐकायचंच नसतं, सुटेल, सुटेल, सरस आहे, गरम पाण्यानं सुटतोच..."

"बोंबलत काय बसलात? तार आणा."

"तार?"

"माझी तार. शेडमधली. मी सांगते कसं धरायचं."

तार आणली. त्यानं दोन्ही लाकडी मुठी धरल्या, तार ताणली. तिनंच पुसून घेतली होती ती शेवटची, स्वच्छ होती. तो वाकला, तार एका जागी धरली, उचलली, दुसऱ्या जागी धरली. कपाळावरचा घाम नाकावरून ओघळला.

"कुठून कापू?"

तिनं पाहिलं. जोड नव्हता. दोन मनगटं आत जात होती, एक गोरं, एक सावळं, आणि मध्ये रंग कुठं बदलत होता ते कळत नव्हतं. बोटंही मोजता येत नव्हती.

सासू डोळे मिटून पडली होती. आता त्या मिटलेल्या पापण्यांना कडा दिसत नव्हत्या. ओठ जरासे हलले. "घाई नको करू, पोरी," ती म्हणाली. "उद्या परत मिटेल ते."

"कुठून कापू, सांग ना!" नवरा रडकुंडीला आला होता. "तुझं कुठलं आणि तिचं कुठलं? एक काम कर. करंगळी हलव. तुझी करंगळी हलव, म्हणजे कळेल."

तिनं करंगळी हलवली.

त्या गोळ्यात काही हललं नाही. पण खाटेच्या पलीकडच्या बाजूला, चादरीवर, सासूचा दुसरा हात मोकळा पडला होता. त्याची करंगळी उठली, वाकली, पुन्हा उठली.

नवऱ्याची नजर त्या गोळ्यावरच होती.

"अगं, हलव ना," तो वैतागून म्हणाला.

"हलवतेय," ती म्हणाली.